नाममुद्रा आणि स्वाक्षरी

ग्रंथसंग्रहाचा छंद मराठी माणसाला नवा नाहीं. पूर्वीं घरोघरीं पोथ्यांचीं बासनें होतीं, पुढें छापील पुस्तकांचीं कपाटें आलीं, आणि अमक्याच्या घरीं चांगला संग्रह आहे हें वाक्य त्या घराण्याच्या कुलशीलाचें प्रमाणपत्र म्हणून उच्चारलें जाऊं लागलें. अलीकडे मात्र या छंदास एक निराळें वळण लागलें आहे. विसाव्या शतकाच्या सातव्या व आठव्या दशकांत ज्या लेखकांनीं प्रस्थापित वाङ्मयाविरुद्ध बंड पुकारलें, मान्यवर मासिकांचीं दारें ठोठावण्याचें नाकारलें आणि पदरमोड करून आपलें लिखाण आपणच छापलें, त्यांच्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या हौशी लोक शोधूं लागले आहेत. त्यांतही लेखकाच्या हातची स्वाक्षरी असलेली प्रत हातीं लागली, तर घेणाराचा आनंद गगनांत मावत नाहीं आणि विकणाराची किंमतही त्याच मानानें चढते. या छंदाकडे सुजाण वाचकानें कोणत्या दृष्टीनें पाहावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वरवर पाहतां या छंदांत मोठी विसंगति दिसते. 'लेखकराव' हा शब्द भालचंद्र नेमाडे यांनीं वापरला तो लेखकाच्या मिरवण्याची टवाळी करण्यासाठीं. आणि चाहत्यांच्या घोळक्यांत उभा राहून सह्या करणारा लेखक हें तर लेखकरावाचें मूर्तिमंत चित्र होय. ज्यांनीं पुस्तकाला देवघरांतला टाक होऊं देण्याचें नाकारलें, त्यांचींच पुस्तकें आतां कांचेच्या कपाटांत जाऊन बसतात, आणि त्यांच्याच सहीला हळदकुंकू वाहिलें जातें! हा बंडाचा पराभव आहे, असें एक पक्ष म्हणतो. हा उशिरां कां होईना, पण बंडाचा सन्मान आहे, असें दुसरा म्हणतो. आमच्या मतें दोन्ही पक्ष एका गोष्टीचा विचार करीत नाहींत. स्वाक्षरी म्हणजे नेमकें काय, तिनें पुस्तकांत कशाची भर पडते, आणि ज्या वाङ्मयासाठीं हा सारा खटाटोप चालला आहे त्याचें तिनें रक्षण होतें कीं नाहीं, हे प्रश्न आधीं सोडविले पाहिजेत.

प्रथम या वाङ्मयाचें बाह्य रूप कसें होतें तें पाहूं. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदि तरुणांनीं १९५४-५५ च्या सुमारास मुंबईंत 'शब्द' नांवाचें चक्रमुद्रित पत्र काढलें. १९६३ सालीं अशोक शहाणे यांचें 'असो' निघालें. त्याच वर्षीं 'मनोहर' मासिकांत त्यांचा 'आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण' हा लेख येऊन मोठी खळबळ उडाली, आणि त्याच वर्षीं नेमाड्यांची 'कोसला' पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनें प्रसिद्ध केली. पुढें 'वाचा', 'येरू', 'फक्त', 'अबकडई', 'विद्रोह' अशीं कितीतरी पत्रें निघालीं आणि बंद पडलीं. राजा ढाले, सतीश काळसेकर, तुळसी परब, चंद्रकांत खोत, मनोहर ओक, वसंत आबाजी डहाके, नामदेव ढसाळ हीं नांवें या खटपटींतून पुढें आलीं. या पत्रांस 'लघुअनियतकालिकें' म्हणतात. नियतकालिकाच्या नियमितपणाचा नकार त्यांच्या नांवांतच आहे. ठरलेली तारीख नाहीं, ठरलेला आकार नाहीं, लेखकास मानधन नाहीं आणि संपादकास नफा नाहीं. हातोहात जावें, टपालानें जावें, दहा जणांनीं वाचावें आणि अकराव्याकडे द्यावें, अशी त्यांची रीत. कागद स्वस्तांतला, बांधणी म्हणजे कडेला मारलेल्या दोन पिना. हा अंक जपून ठेवा, असें त्यांतलें कोणतेंही पान वाचकास सांगत नव्हतें.

अशा टाकाऊ दिसणाऱ्या वस्तूला पुढें मोल येतें याचा अनुभव जगांत इतरत्रही आलेला आहे. अमेरिकेंतील बंडखोर कवि ॲलन गिन्सबर्ग याचें 'हाउल' हें लहानसें पुस्तक १९५६ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पुस्तकविक्याच्या दुकानानें छापलें. दुसऱ्याच वर्षीं त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि न्यायालयानें तें निर्दोष ठरविलें. हाच गिन्सबर्ग १९६२-६३ या वर्षांत हिंदुस्थानांत हिंडला आणि मुंबईच्या व कलकत्त्याच्या तरुण कवींना भेटला. पुढें १९९४ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठानें त्याचा कागदपत्रांचा सारा संग्रह सुमारें दहा लाख डॉलरांस विकत घेतला. त्याचा मित्र जॅक केरुअक यानें १९५१ सालीं 'ऑन द रोड' ही कादंबरी कागदाच्या एका लांबलचक गुंडाळीवर टंकलिखित केली होती; ती गुंडाळी २००१ सालीं लिलावांत चोवीस लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. हे आंकडे आम्ही कौतुकासाठीं देत नाहीं. त्यांतून एक नियम दिसतो, तो असा कीं, बंडांतील धोका ओसरला म्हणजे त्याला बाजारांत भाव येतो. पुस्तक जवळ बाळगल्यानें लाज वाटण्याची किंवा खटला होण्याची भीति जोंवर असते, तोंवर संग्राहक फिरकत नाहीं.

आपल्याकडेही असेंच झालें आहे. मर्ढेकरांच्या 'कांहीं कविता' १९४७ सालीं प्रसिद्ध झाल्या, तेव्हां त्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांतून ते निर्दोष सुटले, आणि एका पिढीच्या आंत त्याच कविता विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत गेल्या. त्याच्याही आधीं र. धों. कर्वे यांचें 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललें. तें घरांत उघडपणें ठेवणें पुष्कळांस अप्रशस्त वाटे, आणि आज त्याचा सुटा अंक मिळाला तरी अभ्यासकाला हर्ष होतो. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर १९६५ सालीं आचार्य अत्रे यांच्यासारखा स्वतः वादांत मुरलेला पुरुषही तुटून पडला होता. म्हणून संग्राहकाची परीक्षा करतांना पहिला प्रश्न विचारावा तो हा, कीं हें पुस्तक त्यानें केव्हां घेतलें. लोक नाकाला पदर लावीत होते तेव्हां ज्यानें 'गोलपिठा' विकत घेतला, त्यानें वाङ्मयाची बाजू घेतली. १९९९ सालीं ढसाळांना पद्मश्री मिळाल्यानंतर ज्यानें त्याची पहिली आवृत्ति हुडकली, त्यानें फार तर चांगला सौदा केला. दोघांच्याही कपाटांत पुस्तक एकच असेल. पण दोघांचें वाङ्मयाशीं नातें एक नाहीं.

आतां स्वाक्षरीकडे वळूं. या बाबतींत आम्हां सोलापूरकरांना दूर जाण्याचें कारण नाहीं. कारण मराठींतल्या बंडखोर कवींच्या स्वाक्षरीचा प्रश्न सर्वांत प्रथम आमच्याच जिल्ह्यांत उपस्थित झाला आहे. चोखामेळा हा मंगळवेढ्याचा. परंपरा सांगते कीं, १३३८ सालीं त्याच गांवीं गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळून तो मजुरांसह गाडला गेला, आणि ज्या मंदिरांत त्याला पाऊल टाकूं दिलें नव्हतें त्याच पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारासमोर त्याची समाधि झाली. त्याच्या हातचें एकही अक्षर आपल्याकडे नाहीं. संतांचे अभंग कोणीं लिहून घेतले याची परंपरेंत जी यादी सांगतात, तींत चोखोबाचा लेखक म्हणून अनंतभट्टाचें नांव येतें. अक्षर शिकण्याचा अधिकार ज्याला नाहीं त्याचे शब्द, आणि तो अधिकार ज्याला जन्मानेंच मिळाला त्याची शाई! आणि तरीही प्रत्येक अभंगावर सही आहे ती 'चोखा म्हणे' अशीच.

या सहीला आपले जुने पंडित नाममुद्रा म्हणतात. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे', 'एका जनार्दनीं' हे शब्द कागदाच्या कोपऱ्यांत नसून रचनेच्या शेवटच्या चरणांत असतात. पोथी जळली तरी ते जळत नाहींत. अभंग ज्याच्या तोंडीं आहे त्याच्या तोंडीं सहीही आहे. पंढरीच्या वाटेवरचा अक्षरशत्रु वारकरीसुद्धां दिवसांतून शंभरदां तुकोबाच्या सहीचा उच्चार करतो, आणि ती सही कोणाच्या एकट्याच्या मालकीची होत नाहीं. ती खोटीही करतां येते, हें खरें. 'तुका म्हणे' जोडून इतरांनीं रचलेले अभंग गाथेंत शिरले आहेत, ही गोष्ट अभ्यासकांस ठाऊक आहे. पण खोटी नाममुद्रा करणाऱ्यानें आपलें नांव लपवून तुकोबाला मोठें केलें. खोटी स्वाक्षरी करणारा दुसऱ्याच्या नांवावर आपला खिसा भरतो. फरक लक्षांत घेण्याजोगा आहे.

साठोत्तरी बंडखोरांना ही परंपरा अपरिचित नव्हती. उलट त्यांतल्या श्रेष्ठांचें तिच्याशीं जिव्हाळ्याचें नातें होतें. चित्रे यांनीं तुकारामाचे अभंग इंग्रजींत नेले आणि तो ग्रंथ १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. कोलटकरांनींही तुकाराम आणि जनाबाई यांचीं भाषांतरें केलीं. त्यांच्या 'चिरीमिरी'ला पंढरपूरची वाट चांगली ठाऊक आहे, आणि त्यांत विठोबाला ओलांडून एकट्या रखुमाईशीं बोलणारी कविता आहे. देहूच्या मंदिरांत तुकोबांच्या हातची म्हणून जी वही वंशजांनीं जपली, तिला 'भिजकी वही' असें नांव पडलें होतें. इंद्रायणींत बुडविलेल्या वह्यांची आठवण त्या नांवांत आहे. कोलटकरांनीं २००३ सालच्या आपल्या संग्रहाला तेंच नांव दिलें. हस्ताक्षराचें मोल ज्याला कळत नाहीं तो कवि असें नांव ठेवणार नाहीं. पण त्यांच्या मनांतली वही पाण्यांतून निघालेली आणि पुन्हां वाचली जाणारी होती. कपाटांत कोरडी ठेवलेली वही त्यांच्या मनांत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, 'तर मग स्वाक्षरी म्हणजे निव्वळ दंभ. नाममुद्रा हीच खरी.' येथें मात्र घाई करूं नये. स्वाक्षरीला तुच्छ लेखणें ज्यांच्या घरांत दहा पिढ्या लेखणी आहे त्यांना सोपें जातें. ज्यांचे आजे-पणजे सावकाराच्या खतावर आणि गिरणीच्या पगारपत्रकावर आंगठा उठवीत आले, त्यांच्या नातवानें आपल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर शाईनें आपलें नांव लिहावें, ही वाङ्मयाच्या इतिहासांतली लहान घटना नव्हे. नामदेव ढसाळांचे वडील मुंबईंत खाटकाकडे कामाला होते, आणि स्वतः ढसाळांनीं टॅक्सी चालविली. त्यांच्या 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. अनंतभट्टानें शब्द लिहून घ्यावे आणि चोखोबानें सांगावे, हा क्रम येथें पालटला. आतां मजकूर ढसाळांच्या हातचा आहे आणि दुसरा गृहस्थ उंबऱ्याशीं उभा राहून वाचकाला आंत बोलावतो आहे. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनाला 'साधने'च्या अंकांत 'काळा स्वातंत्र्यदिन' हा जहाल लेख लिहिणाऱ्या राजा ढाल्यांनीं तो आपल्या नांवानेंच लिहिला, हें येथें विसरतां कामा नये. त्या नांवाची किंमत त्यांना तत्काळ मोजावी लागली असती, आणि तरी तें त्यांनीं लपविलें नाहीं.

त्याच प्रवाहाच्या पुढच्या वळणावर आमच्या जिल्ह्यांतलें आणखी एक उदाहरण आहे. शरणकुमार लिंबाळे हे अक्कलकोट तालुक्यांतल्या हन्नूरचे. त्यांचें 'अक्करमाशी' १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. बारा माशांचा एक तोळा. अकरा माशांचा तो अक्करमाशी, म्हणजे ज्याच्या जन्मांत लोकांच्या तागडीनें एक मासा कमी भरला तो. बापाच्या जागीं कोणाचें नांव लिहावें, हा शाळेच्या दाखल्यापासूनचा प्रश्न त्या पुस्तकाच्या गाभ्याशीं आहे. ज्याचें आडनांव हाच गांवांत वादाचा विषय, त्यानें तें आडनांव पूर्ण लिहून खालीं रेघ ओढावी, तर ती रेघ म्हणजे आत्मचरित्राचें अखेरचें वाक्यच समजावें. अशा प्रतीवरची स्वाक्षरी आम्ही दंभ म्हणणार नाहीं. तेथें स्वाक्षरीला नाममुद्रेचाच अर्थ येतो, कारण पुस्तकांत जें सांगितलें तेंच ती पुन्हां सांगते.

यावरून स्वाक्षरीच्या परीक्षेची एक कसोटी हातीं येते. छापलेल्या मजकुरांत नाहीं असें कांहीं ही प्रत आपल्याला सांगते काय? सांगत असेल तर ती संग्राह्य. नसेल तर ती शोभेची. या कसोटीवर स्वाक्षरीच्या प्रतींचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग नुसत्या सहीचा. समारंभाच्या टेबलाजवळ रांग लावून घेतलेली ही सही कोणत्याही प्रतीवर सारखीच असते. तिनें वाचकाच्या ज्ञानांत काडीचीही भर पडत नाहीं. दुसरा वर्ग 'सप्रेम भेट' प्रतींचा. कोणीं, कोणाला, कोणत्या सालीं, कोणत्या गांवीं दिली हें ज्या प्रतीवर लिहिलेलें आहे, ती वाङ्मयीन स्नेहाचा दस्तऐवज असते. मुंबईच्या एखाद्या कवीनें सोलापुरांतल्या एखाद्या अप्रसिद्ध मास्तरांना पुस्तक पाठविलें असेल, तर त्या दोन ओळींवरून ती कविता कोणत्या वाटेनें या गांवांत आली हें कळतें, आणि हें कोणत्याही वाङ्मयेतिहासांत छापलेलें नसतें. तिसरा वर्ग सर्वांत दुर्मिळ आणि सर्वांत मोलाचा. लेखकानें आपल्या हातानें छापील चूक दुरुस्त केलेली, एखादा शब्द खोडून दुसरा घातलेला, वगळलेली ओळ समासांत लिहिलेली प्रत या वर्गांत पडते. तशा प्रतीवर सही नसली तरी चालेल. तेथें लेखक प्रत्यक्ष काम करतांना दिसतो. खेदाची गोष्ट अशी कीं, बाजारांत भाव याच्या उलट क्रमानें दिसतो. स्वच्छ पानावरची ठसठशीत सही महाग, आणि समासांतल्या खाडाखोडीमुळें प्रत 'खराब' ठरते!

या कसोटीबरोबर थोडें साधें गणितही हवें. कारण स्वाक्षरीच्या मागोमाग खोटी स्वाक्षरी येतेच. कोलटकरांचेंच उदाहरण घेऊं. 'अरुण कोलटकरच्या कविता' हा त्यांचा पहिला मराठी संग्रह अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'नें १९७७ सालीं काढला. त्यानंतर मराठींत पंचवीस वर्षांहून अधिक काळ संग्रह नाहीं. मग २००३ च्या आगेंमागें 'भिजकी वही', 'चिरीमिरी' हे संग्रह लागोपाठ आले, आणि २५ सप्टेंबर २००४ रोजीं कवि निवर्तले. म्हणजे या शेवटच्या पुस्तकांवर सही करण्यास त्यांना फार तर वर्ष-दीड वर्ष मिळालें, आणि तेंही आजारपणाचें. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २००५ चा, कवीच्या मृत्यूनंतर. सबब ज्या आवृत्तीवर त्या पुरस्काराचा उल्लेख छापलेला आहे, तिच्यावर कवीची सही असूं शकत नाहीं. इंग्रजी 'जेजुरी' १९७६ सालची, तिच्यावर सही संभवते. पण मराठी 'जेजुरी' निघाली ती २०११ सालीं. तिच्यावर कोणी कवीची सही दाखवूं लागला, तर त्याला नमस्कार करून बाहेर पडावें. पुस्तकाचें प्रकाशनवर्ष आणि लेखकाचा मृत्युदिन एवढ्या दोन गोष्टी ज्याला ठाऊक आहेत, त्याची सहसा फसवणूक होत नाहीं. आणि ज्यानें पुस्तक वाचलें आहे, त्याला त्या ठाऊक असतात.

परंतु सह्यांच्या या शोधांत एका फार मोठ्या गोष्टीकडे डोळेझाक होत आहे, आणि हा लेख लिहिण्याचें मुख्य कारण तेंच आहे. या चळवळीचें खरें धन तिच्या पुस्तकांत जेवढें आहे त्याहून तिच्या सुट्या अंकांत आहे. 'कोसला' पुन्हां पुन्हां छापली गेली आणि जातेही आहे. तिचा मजकूर नष्ट होण्याचें भय नाहीं. ज्या अनियतकालिकांत कवितेचा पहिला पाठ आला, दोन तरुणांचा वाद झडला, एखाद्याची ती एकमेव कविता छापली गेली आणि तो पुढें कधींच लिहिता राहिला नाहीं, त्या अंकांची पुन्हां आवृत्ति कोण काढणार? त्यांवर कोणाची सही नाहीं, म्हणून त्यांना गिऱ्हाईक नाहीं; आणि गिऱ्हाईक नाहीं म्हणून ते रद्दीच्या तागडींत जातात. १९५४ च्या कायद्यानें प्रकाशकावर आपल्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास पाठविण्याचें बंधन घातलें आहे खरें. पण ज्याला स्वतःचा पुढचा अंक केव्हां निघेल हें ठाऊक नाहीं, तो असल्या बंधनाची कितपत आठवण ठेवणार? सार्वजनिक वाचनालयांनीं वर्गणी भरावी तर तिला ठराविक मुदत लागते. या अंकांना मुदतच नव्हती. त्यामुळें हे अंक टिकले असतील तर ते मुख्यतः खासगी घरांत, एखाद्या निवृत्त प्राध्यापकाच्या माळ्यावर किंवा एखाद्या हौशी वाचकाच्या ट्रंकेंत.

आणि ते टिकण्याजोगे नाहींत. स्वस्त कागदांत लांकडाच्या लगद्याचा अंश अधिक असतो. उजेडानें आणि उष्म्यानें तो तपकिरी होतो, कडा ठिसूळ होतात, आणि पान उलटतांना दुमडीवर तुटतें. पिना गंजून कागदाला भोंकें पाडतात.  आमच्या सोलापुरांत उन्हाळ्याच्या दिवसांत पारा चाळिसांच्या वर राहतो, आणि वाळवी व कसर यांना तर ऋतूचाही विचार नाहीं. त्यांतून वांचलें तें घर बदलतांना किंवा वडीलधारें माणूस गेल्यावर जातें. मुलें नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस किंवा परदेशीं, आणि माळ्यावरच्या कागदांत काय आहे हें पाहण्यास कोणाला सवड नाहीं. सही असलेलें पुस्तक निदान बाजूला काढलें जातें. बिनसहीचा अंक वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर दोरीनें बांधला जातो.

अशा प्रसंगीं संग्राहकानें काय करावें, याचा धडा आपल्याच इतिहासांत आहे. तुकोबांची गाथा शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखालीं इंदुप्रकाश छापखान्यांतून १८६९ आणि १८७३ सालीं दोन भागांत निघाली, तेव्हां संपादकांनीं देहू, तळेगांव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखित प्रतींचा आधार घेतला. या प्रती त्या त्या ठिकाणीं पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या. जपणाऱ्यांनीं त्या जपल्या हें त्यांचें अर्धें पुण्य. मागणी आल्यावर त्या पुढें केल्या हें उरलेलें अर्धें. तेव्हां कोणी बासन उघडण्यास नकार दिला असता, तर गाथा आहे तशी आपल्या हातीं आली नसती. पुढें राजवाडे गांवोगांव दप्तरें धुंडाळीत हिंडले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या नांवाचे बावीस खंड त्यांनीं काढले. त्यांनाही कागद दाखविणारे भेटले तसे दार लावून घेणारेही भेटले. आज ज्याच्या घरीं लघुअनियतकालिकांचे अंक आहेत, त्याची गणना या दोहोंपैकीं कोणत्या वर्गांत व्हावी, हें त्याचें त्यानेंच ठरवावयाचें आहे.

कामें फार अवघड नाहींत. आपल्याजवळ कोणते अंक आणि कोणत्या प्रती आहेत, त्यांवर कोणाचें काय लिहिलेलें आहे, याची एक साधी यादी प्रत्येकानें करावी आणि आपल्या गांवच्या जुन्या वाचनालयाकडे व जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे तिची एक नक्कल द्यावी. गंजलेल्या पिना हलक्या हातानें काढाव्या. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. जाड बांधणी करण्यासाठीं बांधणीवाल्याकडे अंक देऊन कडा कापूं देऊं नयेत, कारण पुष्कळदां समासांतलें लिखाण आणि मुखपृष्ठ यांचाच त्यांत बळी जातो. पानांचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं. तीं जगजाहीर करण्यास अर्थात् हक्कदारांची संमति हवी, कारण आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें चालतो आणि कोलटकरांच्या बाबतींत ती मुदत २०६४ अखेरपर्यंत आहे. पण अभ्यासकाला घरीं बसवून मूळ अंक दाखविण्यास कोणाचीच आडकाठी नाहीं. आणि आपल्या पश्चात् हे कागद कोठें जावेत, हें हयातींतच लिहून ठेवावें.

सतीश काळसेकर या चळवळींतले कवि, आणि तितकेच मोठे ग्रंथप्रेमी. त्यांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या पुस्तकास २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच्या नांवांत त्यांनीं स्वतःला लेखक म्हणवून न घेतां वाचणारा म्हणवून घेतलें, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. बंडखोर लेखकाच्या पुस्तकावर सही मागण्याचा अधिकार कोणाला, असें विचारल्यास आमचें उत्तर हेंच राहील: ज्यानें तें वाचलें आहे त्याला. ज्याच्या कपाटांतलें 'गोलपिठा' कधीं उघडलेंच गेलें नाहीं, त्याच्या प्रतीवर ढसाळांची सही असली काय आणि नसली काय, सारखेंच.

सोलापूरची चादर घेतांना जाणता गिऱ्हाईक ठाणावरचा छाप पाहतो, पण पारख करतो ती वीण चिमटींत धरून. ग्रंथांच्या बाबतींत हीच दृष्टि आमच्या वाचकांनीं ठेवावी. सही मिळाली तर आनंदानें ठेवून घ्यावी, तिचा काळवेळ तपासावा, ती कोणाला दिली होती हें लिहून ठेवावें. पण या आठवड्यांत सवड काढून एकदां माळ्यावर चढावें, आणि दोरीनें बांधलेला जुना गठ्ठा रद्दीवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वीं सोडून पाहावा. त्यांतल्या एखाद्या पिवळ्या, निनांवी, दोन पिनांच्या अंकांत असें कांहीं असण्याचा संभव आहे, जें महाराष्ट्रांत दुसऱ्या कोणाच्याही घरीं उरलेलें नसेल.